पाळीव मांजर उंबरठ्याबाहेर सोडावे का?

पांझराकाठ (धुळे)
गेल्या पौषात आमचा तीन वर्षांचा बोका दोन दिवस घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी तो मागच्या गल्लीतील पत्र्याच्या आडोशाला सापडला, तेव्हा त्याच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि नाकातून रक्त येत होते. त्या गल्लीत धान्याचे एक गोदाम आहे आणि तेथे उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या जातात, हे आम्हाला नंतर कळले. या औषधाने उंदीर जागीच मरत नाही. त्याचे रक्त गोठेनासे होते, काही दिवस तो सुस्तावून फिरतो आणि तेवढ्या काळात कोणत्याही मांजराच्या तावडीत सहज सापडतो. व्हिटॅमिन के वेळेवर मिळाले असते तर बोका कदाचित वाचला असता. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की, ज्याला मांजर पाळायचे आहे त्याने ते घरातच, फार तर जाळी लावलेल्या गच्चीवर ठेवावे. ‘ते आपले आपण फिरून येते’ असे म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी गल्लीवर ढकलणे होय.

केळीबाग (यावल)
आपल्या बोक्याविषयी वाचून वाईट वाटले, परंतु आपला निष्कर्ष मला मान्य नाही. आमचे घर जुने, धाब्याचे आहे. ओसरी, कोठीची खोली आणि मागचा गोठा धरून त्याला सात दारे आहेत आणि शेजारची धाबी आमच्या धाब्याला लागून आहेत. अशा घरात मांजर कोंडायचे तर आधी घरच पाडून बांधावे लागेल. शिवाय मांजर माणसाजवळ आले तेच मुळी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, पश्चिम आशियात शेती सुरू होऊन धान्य साठू लागले तेव्हा, उंदरांच्या मागावर. आमच्या कोठीत वर्षाची दादर ज्वारी भरलेली असते. मांजरीला मी बांधून ठेवले तर उंदरांचे औषध मला आणावे लागेल, म्हणजे ज्या विषाने आपला बोका गेला ते आणखी एका घरात शिरेल. याचा विचार आपण केला आहे का?

चौथा मजला (जळगाव)
घरात ठेवले म्हणजे मांजर सुरक्षित झाले, असेही समजू नये. आमची मांजरी कबुतरामागे झेपावून बाल्कनीतून खाली पडली. जबडा मोडला, पण वाचली. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बंद सदनिकेत मांजर ठेवून दिवसभर कामावर जाणे हासुद्धा छळच आहे. तरीही मी तिला बाहेर सोडत नाही, कारण आमच्या दारापासून महामार्ग हाकेच्या अंतरावर आहे. बाल्कनीला नायलॉनची जाळी बसवून घेतली आणि प्रश्न मिटला.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (चोपडा)
दोन्ही बाजूंनी थोडे बोलतो. पांझराकाठ यांचा तर्क बरोबर असू शकतो, मात्र ब्रोमॅडिओलोन खाल्लेला एखादाच उंदीर खाऊन मांजर सहसा दगावत नाही. हे विष यकृतात साठत राहते आणि असे उंदीर वारंवार खाण्यात आले की जीवावर बेतते. आपला बोका त्या गोदामात कदाचित रोजच जात असावा. झिंक फॉस्फाइड हे त्याहून वाईट, कारण पोटातील आम्लाशी मिळून त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही.

बाहेर जाणाऱ्या मांजराचे सर्वांत मोठे संरक्षण नसबंदी हे आहे, असे माझे अनुभवाअंती मत आहे. माजावर आलेला बोका मैलभर भटकतो, मारामाऱ्या करतो, रस्ते ओलांडतो. पाच-सहा महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया झाली तर ही भटकंती पुष्कळ कमी होते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर टोचावी आणि पुढे दरवर्षी द्यावी, कारण पिसाळलेले कुत्रे मांजराला चावले तर तेच मांजर आपल्या मुलांना चावू शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरचे पर्मेथ्रिनचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल मुळीच देऊ नये. घरात बसलेली मांजरेही या दोन चुकांनी मेलेली मी पाहिली आहेत.

राहिला वेळेचा प्रश्न. मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आणि भरधाव गाड्या यांचा धोका रात्री अधिक असतो. दिवेलागणीलाच खायला घालण्याची सवय लावली, तर मांजर त्या वेळी न बोलावता घरी येते.

केळीबाग (यावल)
परंतु उंदीरही रात्रीच निघतात. रात्री मांजरीला घरात घ्यायचे आणि दिवसा सोडायचे, म्हणजे राखणदाराला रात्री झोपवून दिवसा पहाऱ्यावर उभे करण्यासारखे झाले.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (चोपडा)
मग तिला रात्री कोठीतच ठेवा. उंदीर तेथेच येणार आहेत.

पांझराकाठ (धुळे)
केळीबाग यांचा विषाचा मुद्दा बिनतोड आहे, हे मान्य करतो. आमच्या गोदामाच्या मालकांकडे मी गेलो होतो. ‘तुमचे मांजर तुम्ही सांभाळा’ एवढेच उत्तर मिळाले. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जनावराला जाणूनबुजून विष घालणे हा गुन्हा आहे, पण उंदरांसाठी ठेवलेले औषध त्यात बसवता येणे कठीण. म्हणूनच म्हणतो की, बाहेरचे जग आपल्या हातात नाही, दार मात्र आहे. शिवाय यावलकडे कपाशीवर फवारणी होते. त्या ओल्या पिकातून आलेली मांजरी अंग चाटते, तेव्हा तिच्या पोटात काय जाते?

सातपुडा (शिरपूर)
पक्ष्यांच्या बाजूनेही कोणी बोलावे, म्हणून लिहितो. जगातील सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या यादीत आययूसीएन या निसर्ग संवर्धनाचे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पाळीव मांजराचा समावेश केला आहे. आपण सारे मांजराच्या सुरक्षिततेची चर्चा करत आहोत; माझ्या अंगणातील बुलबुलाच्या पिलांनाही एखादे मत असेल. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते, फक्त पट्टा ओढ बसताच सुटणारा हवा, नाहीतर कुंपणाच्या तारेत अडकून त्याचाच फास होतो.

केळीबाग (यावल)
घंटा बांधली तर उंदीरही सावध होतील, तेव्हा ती सूचना माझ्या उपयोगाची नाही. फवारणीचा प्रश्न योग्य आहे. त्या दिवसांत तिला गोठ्यात अडकवून ठेवीन. रात्री कोठीत ठेवण्याची कल्पना मात्र पटली, झरोक्याला जाळी मारून घेतो. एरवी दिवसा ती धाब्यांवरूनच फिरेल, त्यात मी बदल करणार नाही.

पांझराकाठ (धुळे)
धाब्यावरून फिरणारी मांजरी शेवटी कोणाच्या अंगणात उतरते, हे एक दिवस तिच्यामागे जाऊन पाहा, एवढीच विनंती आहे. आमच्या बोक्याच्या वाटेत गोदाम होते, हे मी तो गेल्यानंतर पाहिले.