फ्लाइटगिअरसाठी ७४७-२००: फ्लॅप पंखात घुसतात

गगनवेडा: फ्लाइटगिअर या विमान-सिम्युलेटरसाठी एअर इंडियाचं १९७१चं बोईंग ७४७-२०० ‘एम्परर अशोक’ ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवतोय. धड आणि पंख झाले, पण मागचे फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा) फिरवले की पंखातच घुसतात. खिडक्यांभोवतीचे झरोकेही कोरून काढायचे का? हे विमान मला हुबेहूब हवंय.

धावपट्टी२७: ७४७चा फ्लॅप जागच्या जागी फिरत नाही. रुळावरून मागे सरकत सरकत खाली वळतो, शिवाय त्याचे एकामागे एक तीन तुकडे असतात आणि मधे फटी उघडतात. तिन्ही तुकडे वेगळे ऑब्जेक्ट कर, मॉडेलच्या हालचाली लिहितात त्या एक्सएमएल फाइलमध्ये प्रत्येकाला सरकणं आणि फिरणं दोन्ही दे, आणि फ्लॅपच्या कुठल्या टप्प्याला किती ते इंटरपोलेशनच्या (मधल्या किमती आपोआप काढणाऱ्या) तक्त्यात भर. पंखाखालच्या होडीसारख्या खोळीही सोबत झुकतात, त्या विसरू नकोस. बाजूने पाहताना नजर आधी तिथेच जाते!

नीलपंख: झरोके खऱ्या विमानावरही रंगवलेलेच होते, त्यामुळे टेक्स्चर (मॉडेलवर चढवलेलं चित्र) पुरे. मॉडेलचा पृष्ठभाग ज्यांनी बनतो ते वाचलेले त्रिकोण चाकांवर खर्च कर. मुख्य चाकं १६, चार गटांत. हवेत ते गट कललेले असतात आणि उतरताना मागची चाकं आधी टेकतात. आणि आराखडा नक्की -२००चाच आहे ना? तिचे पंख टोकापासून टोकापर्यंत ५९.६ मीटर, -४००चे ६४.४.

गगनवेडा: पंख ५९.६च आहेत, मोजले. आज रात्री उजव्या पंखाचा आतला फ्लॅप तीन तुकड्यांत करून इथे चित्र टाकतो.