भीमचे पाय आणि बंद लिफ्ट

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

देशपांडे काकू 204: कालही रात्री दीडपर्यंत ते पिल्लू रडत होतं. आणि आज सकाळी त्याला जिन्यावरून चालवत खाली आणलं. पुढचे दोन्ही पाय एकदम टाकतं, मागचं धूड वरून येतं. आमच्या दाराशी हनुवटीवर आपटलं. निखिल, राग मानू नकोस, पण बघवत नाही रे.

निखिल 404: काकू, रॉटवायलर आहे तो, पामेरियन नाही. अडीच महिन्यांत नऊ किलो! पडला, अंग झटकलं, पुढं गेला. असेच घट्ट होतात.

माने 101: पैलवान हाय भीम. तालमीत घाला, हाहाहा.

शिंदे काका 303: लिफ्ट कधी चालू होणार?

पाटील (सेक्रेटरी): नमस्कार. पार्ट पुण्याहून येत आहे. कृपया विषयाला धरून बोलावे.

वैशाली वहिनी 302: निखिल, आमचा ब्रूनो आठवतो ना? तोही रॉटीच. सोमवारी जेवला नाही, मंगळवारी रक्ताची हगवण, गुरुवारी गेला. लसीचा दुसरा डोस "पुढच्या रविवारी" करत राहिलो आम्ही. भीमला पार्किंगमध्ये मोकळा सोडू नकोस. हा पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्याचा विषाणू, वजन बघत नाही.

माने 101: वहिनी, त्याच ब्रूनोनं माझी कोल्हापुरी खाल्लेली.

वैशाली वहिनी 302: मेलेल्या जिवाचा हिशोब काढताय भाऊ? चपलेचे पैसे पाठवते, नंबर द्या.

माने 101: अवो गंमत केली. माफी.

निखिल 404: भीमचा पहिला डोस झालाय.

जाधव सर 203: पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षं काढली म्हणून लिहितो. पहिल्यावर भागत नाही. आईच्या चिकातून आलेली ताकद लसीलाच आडवी येते, आणि ती कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस, शेवटचा 16 आठवडे पुरे झाल्यावर. त्यात रॉटवायलर, डोबरमन यांना पार्व्हो जास्त झोंबतो. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. पार्किंग फिनाइलनं पुसून उपयोग नाही, ब्लीच लागतं.

माने 101: सर, आमच्या जतला मेंढरांमागं पिल्लं उघड्यावर वाढत्यात. कोण लस देतंय?

जाधव सर 203: जगलेली दिसतात माने. पुरलेली दिसत नाहीत.

शिंदे काका 303: लिफ्ट कधी चालू होणार?

पाटील (सेक्रेटरी): काका, कळवले आहे.

निखिल 404: म्हणजे त्याला गादीवरच बसवून ठेवू का सर? माणसं उगाच घाबरवतात. दूध, अंडी, कॅल्शियम, सगळा खुराक चालू आहे.

जाधव सर 203: कॅल्शियमची बाटली आजच बंद कर. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही, हाडं वेडीवाकडी वाढतात. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य मिळतं, ते मोजून दे. गुबगुबीत करू नकोस. आणि गादीवर बसव असं कोण म्हणालं? नॉर्वेत 2012 साली अभ्यास झाला. तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढणाऱ्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त निघाला, मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळलेल्यांत कमी. डोस पुरे होईपर्यंत बाहेरची कुत्री येत नाहीत अशा मळ्यात सोड, खेळू दे. जिना नको, गुळगुळीत फरशी नको. हाडांच्या टोकांशी अजून वाढीची मऊ कूर्चा आहे, पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष जाईल.

देशपांडे काकू 204: आणि रात्रीचं काय?

जाधव सर 203: बाल्कनीत बांधलाय ना? आईपासून तुटलेलं पोर आहे ते. खाटेशेजारी खोक्यात झोपव, रडणं कमी होईल.

कुलकर्णी 402: मुळात एवढा मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये चालतो का? मीटिंगमध्ये ठराव घ्या.

वैशाली वहिनी 302: पाळायला बंदी घालता येत नाही सोसायटीला. मागच्या वेळीही हेच झालं होतं कुलकर्णी.

कुलकर्णी 402: मी फक्त विचारलं. माझ्या भिंतीपलीकडंच रडतो तो.

निखिल 404: बरं. खोलीत घेतो. सकाळ-संध्याकाळ उचलून नेईन. पण सर, पुढच्या महिन्यात तो पंधरा किलो होईल, चार मजले!

शिंदे काका 303: म्हणून विचारतोय, लिफ्ट कधी चालू होणार?

पाटील (सेक्रेटरी): गुरुवारी.

शिंदे काका 303: कुठल्या?