वडिलांसाठी नाशकातली मोफत मदत
ताई, बाळ झाल्यापासून मिस्टर सतत चिडतात, झोपत नाहीत आणि खासगी समुपदेशनाची फी झेपत नाही, असं तुम्ही म्हणालात. बाळंतपणानंतरचं नैराश्य वडिलांनाही येतं. पुरुषांत ते बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिडीतून, घराबाहेर राहण्यातून दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. आधी १४४१६ लावा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे, २४ तास, मराठीतही बोलतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याला हे फार सोयीचं. समोरासमोर बोलायचं तर नाशिकच्या सिव्हिलचा, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयाचा, मानसोपचार विभाग आहे. ऑगस्ट २०२३ पासून तिथे केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. लाजून टाळत असतील तर पहिल्या वेळी तुम्हीच सोबत जा. जीव द्यायची भाषा निघाली, तर मात्र ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या.