निवृत्तीनंतर पुन्हा आकाश: जुन्या सहा इंचीवर फोटो काढू की छोटी दुर्बीण घेऊ?

नमस्कार मंडळी,

नोकरी संपली, वेळ मिळाला आणि माळ्यावरची दुर्बीण अंगणात आली. सहा इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), एफ/८, म्हणजे नाभीय अंतर १२०० मिमी. आरसा मी स्वतः घासलेला आहे, त्यामुळे ‘विकून टाका’ हा सल्ला पचणार नाही, आधीच सांगतो. मुलामा कडेने उडालाय, तो नव्याने चढवून घेईन.

घोडं अडलंय ते फोटोंपाशी. १९९७ साली हेल-बॉप आला तेव्हा आम्ही कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधायचो, क्रॉसहेअरच्या आयपीसमध्ये एक तारा धरायचो आणि तो जरा सरकला की बटण दाबून परत मध्यावर आणायचो. मान अवघडायची, श्वासाने आयपीसवर वाफ धरायची, आणि काय हाती लागलं ते फिल्म धुतल्यावरच कळायचं. आता सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये शंभर फ्रेम एकावर एक रचल्या की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर दहापट सुधारतं. हे गणित लगेच पटलं. पण रचायला आधी धड फ्रेम तर हवी!

डीएसएलआर थेट लावला तर फोकसर पूर्ण आत घालूनही चंद्राची कड पुसटच राहते. कारण उघड आहे: डीएसएलआरचा सेन्सर लेन्सच्या कड्यापासून साधारण ४५ मिमी आत असतो आणि माझी नळी फक्त डोळ्यासाठी बेतलेली. बार्लो लेन्स लावली तर फोकस बाहेर येतो, पण नाभीय अंतर दुप्पट होतं; ग्रहांना ठीक, तेजोमेघांना काय उपयोग? म्हणून मुख्य आरसाच नळीत ३० मिमी पुढे सरकवायचा विचार आहे. एफ/८ असल्याने दुय्यम आरशापाशी (प्रकाश आयपीसकडे वळवणारा छोटा आरसा) प्रकाशाचा शंकू जेमतेम ४ मिमीने रुंदावेल.

दुसरं दुखणं माउंटचं, म्हणजे दुर्बीण पेलून ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीचं. जुन्या जर्मन इक्वेटोरियलचा वर्म गिअर (दुर्बीण फिरवणारा दातेरी स्क्रू) दर फेऱ्याला तारा मागेपुढे झुलवतो. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला १२०० मिमीवर एका पिक्सेलमागे ०.६५ विकला (अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक विकला) येतात, तिथे हा झोल लपणार नाही. ४०० मिमीच्या छोट्या अपवर्तकावर (भिंगाच्या दुर्बिणीवर) तेच १.९ होतात, म्हणजे चूक बरीच झाकली जाते. शिवाय पाठीमुळे आता वजनं उचलवत नाहीत. हार्मोनिक माउंटला (वेगळ्या गिअरचं हलकं माउंट) प्रतिभार लागत नाही म्हणून मन तिकडे ओढ घेतंय, पण गायडिंगशिवाय (छोट्या कॅमेऱ्याने तारा पाहत माउंटची चूक सतत सुधारणं) ते चालत नाही हेही वाचलंय. ध्रुवतारा झाडाआड आहे, ते नीना या सॉफ्टवेअरची माउंट ध्रुवाकडे रोखायची तीन बिंदूंची पद्धत सांभाळून घेईल.

मुलगा म्हणतो, सीस्टार ही स्वयंचलित दुर्बीण घ्या, मोबाइलवर आपोआप चित्र येतं. येत असेल, पण मग रात्री बाहेर थांबायचं कशाला? एका डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून त्या डोळ्याला अभिजितचा निळेपणा चांगलाच खुलून दिसतो. ते सोडून घरात बसवणार नाही.

तर विचारायचं ते असं:

आरसा पुढे सरकवून डीएसएलआर लावलेलं कोणी आहे का? दुय्यम आरसा तोच ठेवून कडेचा काळोख फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने) निघतो का, की मोठा आरसा बसवावाच लागतो?

सहा इंची फक्त बघायला ठेवून हार्मोनिक माउंट आणि छोटा अपवर्तक घेणं शहाणपणाचं ठरेल का? ऑटोगायडर जुन्या माउंटचा झोल सावरत असेल तर खर्च वाचेल.

आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचं काय करता? सोडियम दिव्यांच्या काळातला माझा फिल्टर आता निरुपयोगी आहे. हायड्रोजन-ऑक्सिजनचा प्रकाश तेवढाच सोडणारा ड्युअल-बँड फिल्टर मृगातल्या तेजोमेघाला उपयोगी पडेल, पण देवयानी दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. तिच्यासाठी फिल्टर काढून नुसत्या फ्रेम वाढवत जाणं, एवढाच मार्ग उरतो का?