फुग्यापेक्षा इलॅस्टिक बरं

विश्व प्रसरण पावतंय, पण त्याला केंद्र नाही, हे समजवायला फुगत्या फुग्यावरच्या ठिपक्यांची उपमा देतात. फुग्याच्या पोटात केंद्र असतंच की, हा त्यावरचा आक्षेप फुग्यापुरता खरा. पण त्या उपमेत विश्व म्हणजे नुसतं रबर, आतली हवा धरायचीच नाही. मला इलॅस्टिक बरं वाटतं. खानापुरात भाचीला समजावताना परकराच्या इलॅस्टिकवर पेनानं खानापूर, बेळगाव, संकेश्वर, निपाणी असे ठिपके काढून ताणलं. बोट बेळगावावर धरा नाहीतर निपाणीवर, बाकीचे लांबच जातात, आणि जो जास्त दूर तो जास्त वेगानं. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलला १९२९ मध्ये दीर्घिकांबाबत, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांबाबत, हेच दिसलं.

"पण टोकं तुझ्या हातात आहेत की मामा!" पोरीनं बरोबर पकडलं. विश्वाला तशी टोकं सापडलेली नाहीत. दिसतं ते सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत, पण ती प्रकाश पोचण्याची मर्यादा, कडा नव्हे.