पंक रॉक ऐकायला सुरुवात कुठून करू? आणि बंड नक्की कशाविरुद्ध होतं?

तळमजला
नमस्कार मंडळी, कॉलेजपासून पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन असलं लांबलचक गाण्यांचं रॉक ऐकत आलोय, पंककडे कधी वळलो नाही. आता भाची अकरावीत आहे, तिने गिटार घेतलीय आणि डोक्यात पंक शिरलंय, रोज काहीतरी विचारते, तर म्हटलं तिच्याबरोबर आपणही नीट ऐकावं. पन्नास नावांची यादी नकोय, चार-पाच रेकॉर्ड सांगा, कुठल्या क्रमाने ऐकायच्या ते सांगा आणि हे लोक नेमके कशावर चिडले होते तेही सांगा. मॉलमधल्या रमोन्सच्या टीशर्टवरून काही कळत नाही ना. शिव्या असल्या तरी चालतील.

रात्रपाळी
रमोन्सपासूनच सुरू करा, टीशर्ट गेला खड्ड्यात. न्यूयॉर्कची पोरं, पहिला अल्बम एप्रिल १९७६चा, १४ गाणी आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतात. तुम्ही झेपेलिनवाले म्हणून आधीच सांगतो, गिटार सोलोची वाट बघू नका. तो जमाना वीस-वीस मिनिटांच्या गाण्यांचा आणि स्टेडियममधल्या लेझर शोचा होता, तिथे ही पोरं तीन कॉर्डमध्ये दोन मिनिटांत मोकळी, म्हणजे वाजवायला उस्तादच असायला पाहिजे ही अटच काढून टाकली. भाचीला पहिलं गाणं बसवायला सांगा, ए, डी, ई या कॉर्डवर बहुतेक काम भागतं, फक्त स्ट्रोक सगळे वरून खाली मारायचे, मनगट भरून येतं पण ती धार त्यातूनच येते.

मग लंडन, सेक्स पिस्टल्स. ब्रिटनमध्ये तेव्हा बेकारांचा आकडा दहा लाखांच्या वर, सरकार आयएमएफकडे कर्ज मागतंय, आणि १९७७ला राणीच्या पंचवीस वर्षांचा सोहळा, गल्लोगल्ली पताका. ऐन त्या मोक्यावर यांनी राणीवर गाणं काढलं, बीबीसीने वाजवायला नकार दिला तरी ते खपाच्या यादीत दुसऱ्या नंबरवर गेलं, आणि काही दुकानांत लावलेल्या यादीत तर दुसऱ्या नंबरपुढची जागा चक्क कोरी ठेवली होती. ७ जूनला थेम्स नदीत बोट भाड्याने घेऊन वाजवलं, बोट धक्क्याला लागल्यावर पोलिसांनी धरपकड केली. त्यांचा एकच स्टुडिओ अल्बम आहे, तो ऐकाच.

सायक्लोस्टाईल
रात्रपाळी, रमोन्सबद्दल +१, पण पिस्टल्सना बंडाचा मुख्य चेहरा करणं मला पटत नाही. त्यांचा मॅनेजर मॅकलॅरेन कपड्यांचं दुकान चालवायचा, कंपन्या बदलल्या तरी रेकॉर्ड कंपन्यांच्याच निघाल्या. माझ्या मते खरं बंड मँचेस्टरला झालं. बझकॉक्स नावाच्या पोरांनी ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६मध्ये एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारीत स्वतःच रेकॉर्ड छापली, कंपनी नाही, लंडन नाही, कुणाची परवानगी नाही. पहिल्या हजार प्रती, पुढे १६ हजार खपल्या. स्पायरल स्क्रॅच तिचं नाव. तिचं कव्हर हातात घेऊन बघण्यासारखं आहे, पुढे साधा पोलरॉइड फोटो आणि मागे प्रत्येक गाण्यासमोर ते कितव्या टेकला, म्हणजे कितव्यांदा वाजवल्यावर, पास झालं ते छापलंय. म्हणजे रेकॉर्ड कशी बनते हे जे गुपित करून ठेवलेलं असतं तेच उघड्यावर मांडलं, बघा असं करतात, तुम्हीही करा. त्यातल्या एका गाण्यात सोलो आहे खरा, पण दोनच स्वरांचा, तेच दोन स्वर पुन्हा पुन्हा, मला तो आजही कुठल्याही दहा मिनिटांच्या सोलोपेक्षा प्यारा आहे.

मासिकांचंही तेच. मार्क पेरी नावाचा बँकेतला कारकून, त्याने जुलै १९७६ला टाइपरायटरवर मजकूर ठोकला, मथळे जाड स्केचपेनने लिहिले, झेरॉक्स काढल्या, स्टेपल मारले, झालं मासिक. आपल्याकडे साठच्या दशकात अनियतकालिकंवाल्या कवींनी प्रस्थापित संपादकांच्या दारात उभं राहण्यापेक्षा सायक्लोस्टाईल करून आपलं आपण वाटलं, जात एकच आहे दोन्हीची. केसांचे तुरे आणि सेफ्टी पिना नंतर फॅशनवाल्यांनी पळवल्या, पण ही आपण छापायची सवय कुणाला पळवता आली नाही.

हॅकनीकर
इथे लंडनमध्ये राहते म्हणून एक बाजू आवर्जून मांडते, नाहीतर पंक म्हणजे गोऱ्या पोरांचा राग एवढंच वाटत राहील. ऑगस्ट १९७६ला बर्मिंगहॅममध्ये गिटारवाला एरिक क्लॅप्टन याने स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध बोलून इनॉक पॉवेल या स्थलांतरविरोधी पुढाऱ्याची तळी उचलली, ते ऐकून चिडलेल्या लोकांनी रॉक अगेन्स्ट रेसिझम ही वर्णद्वेषविरोधी चळवळ सुरू केली. तेव्हा नॅशनल फ्रंट ही वर्णद्वेषी संघटना रस्त्यावर मोर्चे काढत होती आणि आपल्या देशी लोकांना मारहाण रोजची होती. ३० एप्रिल १९७८ला ट्राफल्गार स्क्वेअरपासून हॅकनीलगतच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारो लोक चालत आले आणि तिथे लंडनचा पंक बँड द क्लॅश, जमैकन रेगे संगीत वाजवणारे स्टील पल्स आणि एक्स-रे स्पेक्स एकाच मंचावर. एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन, वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची, दातांना तारा, भडक रंगाचे कपडे, आणि गाणी प्लॅस्टिक, जाहिराती, बाईने कसं दिसावं यावर, शिवाय बँडमध्ये सॅक्सोफोन! तिचा १९७८चा अल्बम भाचीला पहिल्या आठवड्यातच द्या, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला तो जेवढा लागेल तेवढं दुसरं काही नाही लागणार.

आणि सुरुवातीच्या काही पंक लोकांनी निव्वळ धक्का द्यायला स्वस्तिकाचे नाझी बिल्ले लावले होते, मला ते अजिबात माफ करावंसं वाटत नाही. ज्याच्या घरावर रात्री दगड पडतात त्याला तो बिल्ला बंडाचा नाही वाटत. म्हणून मला एलियन कल्चर जवळचे. दक्षिण लंडनची तीन पाकिस्तानी घरांतली पोरं आणि एक गोरा मित्र. थॅचरबाई १९७८ला टीव्हीवर म्हणाल्या की इथल्या लोकांना वेगळ्या संस्कृतीच्या माणसांत बुडून जायची भीती वाटते, तर यांनी तेच परकेपण बँडचं नाव म्हणून घेतलं. १९८०ला एकच सिंगल काढली. घरात आईवडिलांचा धाक, बाहेर नॅशनल फ्रंट, या दोन्हींवर एकदम बोलणारं दुसरं कोण होतं?

तळमजला
हॅकनीकर ताई, एलियन कल्चर कधी ऐकलंच नव्हतं, आज रात्रीच शोधतो. क्लॅशचं काय घेऊ? आणि आपल्याकडे मुंबईत कुणी केलंय का असं?

रात्रपाळी
क्लॅशचा १९७७चा पहिला अल्बम आधी, त्यात एक जमैकन रेगे गाणं त्यांनी आपल्या पद्धतीने वाजवलंय तिथे नीट कान द्या, मग डिसेंबर १९७९चा डबल अल्बम, त्यात रेगे, स्का (रेगेच्या आधीचं जमैकन संगीत), जॅझ सगळं येतं, तुमच्या फ्लॉइडच्या कानाला तो पटकन जमेल. मुंबईत द रायट पेडलर्स ऐका, तिघेच जण, आणि राग इथलाच.

सायक्लोस्टाईल
वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स राहिले की, चौघेही कृष्णवर्णीय, आधी जॅझ फ्यूजन वाजवायचे, त्यामुळे वेग भयंकर पण एक ठोका इकडचा तिकडे नाही.

हॅकनीकर
आणि द स्लिट्स! १९७९चा अल्बम. मुलींनी वाजवायला शिकता शिकताच बँड काढला, ड्रम्स जरा लक्ष देऊन ऐका, कुठल्याच रॉक बँडसारखे नाहीत. हेडफोनवर नको, स्पीकरवर लावा, बेस खोलीभर फिरायला हवा.