उल्हास नदीकाठचे गावठाणातील घर घ्यावे का?

प्रश्न : बदलापूरजवळच्या गावात नदीलगत जुने कौलारू घर विक्रीला असून मालकांकडे केवळ ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे, तेवढ्यावर व्यवहार करावा का?

उत्तर १ : नमुना ८ ही घरपट्टीची आकारणी नोंद असल्याने तो मालकीचा पुरावा ठरत नाही, म्हणून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), जुनी खरेदीखते आणि सर्व वारसांची संमती पाहिल्याशिवाय कृपया इसार (व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देऊ नका.

उत्तर २ : पूररेषेचा नकाशा आधी पाहा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. जुलै २०१९ मध्ये याच नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती.

उत्तर ३ : भिंतींवरचे पाण्याचे डाग नव्या रंगाखाली झाकले जातात, शेजाऱ्यांना अवश्य विचारा.